ग्वाल्हेर की पोर्तुगीज इंडिया? ओव्हरप्रिंटचा संग्रह सुरू करण्यापूर्वी

वसाहतकाळातले ओव्हरप्रिंट, म्हणजे आधीच छापलेल्या टपाल तिकिटावर नंतर वेगळा मजकूर छापलेली तिकिटं, जमवायचे म्हटले की आपल्याकडे दोन विषय चटकन मनात येतात: शिंद्यांचं ग्वाल्हेर आणि पोर्तुगीजांचा गोवा. दोन्ही सुंदर आहेत, पण नवख्याने ग्वाल्हेरपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

१८८५ पासून ब्रिटिश भारताच्या तिकिटांवर इंग्रजी आणि देवनागरीत ग्वाल्हेरचं नाव छापलं जाऊ लागलं. व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जपर्यंत ही मालिका चालली आणि १ जानेवारी १९५१ ला ती चलनातून गेली. आधी छपाई कलकत्त्याला होत असे, पुढे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. काम सरकारी छापखान्याचं असल्यामुळे प्रकारांची नोंद नीट झालेली आहे. व्हिक्टोरियाच्या काळातच पाहा. कुठे ‘जी’ लहान पडलाय, कुठे ‘आर’ लहान तर कुठे उंच, आणि एका प्रसिद्ध चुकीत ‘ओ’च्या जागी चक्क ‘सी’ बसलाय. देवनागरी ओळीची लांबीही मिलिमीटर-दोन मिलिमीटरने बदलते. मिलिमीटरची पट्टी, दहापट भिंग आणि कॅटलॉग एवढ्यावर यातलं बरंच ओळखता येतं.

छपाईसाठी जुळवलेल्या खिळ्यांतलं सदोष अक्षर तिकिटांच्या अख्ख्या शीटमध्ये ठरलेल्या जागीच पुन्हापुन्हा येतं. त्यामुळे सुटं तिकीट घेण्यापेक्षा शेजारच्या साध्या तिकिटासह जोडी किंवा ब्लॉक (न फाडलेल्या तिकिटांचा चौकोन) मिळाला तर तोच घ्या. दोष खरा की शाई कमी लागल्याने दिसणारा भास, हे तिथेच कळतं. सरकारी कामाच्या तिकिटांवर इंग्रजी नाहीच, सगळा मजकूर देवनागरीत. स्वस्तात सुरुवात करायला हा विभाग मला फार आवडतो.

गोव्याची गोष्ट वेगळी. १८८१ पासूनच्या दोनेक वर्षांत, चलन बदलून १ रुपया म्हणजे १६ टांगा आणि १ टांगा म्हणजे १२ रेइस असा हिशेब आला, तेव्हा हाताशी असलेल्या जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापण्यात आल्या. गोव्यातच छापलेली १८७१ पासूनची तिकिटं आणि लिस्बनहून आलेली मुकुटाची तिकिटं, दोन्हींवर. मूळ तिकिटाचा कागद, कडेची छिद्रं आणि वर सरचार्जचा, म्हणजे ओव्हरप्रिंट केलेल्या नव्या किमतीचा, आकडा. यांच्या जुळण्या इतक्या की अनुभवी माणूसही गोंधळतो. उलटे आणि दुहेरी सरचार्ज इथे खूप दिसतात, पण त्यातले नकली किती, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. साध्या तिकिटावर एक आकडा छापणं फसवणाऱ्याला सोपं जातं.

पुढे पोर्तुगालमधल्या ५ ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतर राजाच्या चित्रावर ‘रिपब्लिका’ (प्रजासत्ताक) उमटलं. ही तिकिटं देखणी, बरीचशी परवडणारी आणि सरचार्जच्या मानाने निर्धोक; गोवाच हवा असेल तर दार इथून उघडा. १९११ च्या सुमारास सुट्या किमतीची तिकिटं कमी पडली तेव्हा हाताशी असलेल्या तिकिटांना मधोमध छिद्रं पाडून प्रत्येक अर्ध्यावर नवी किंमत छापली गेली. अशी तिकिटं न फाडलेली, दोन्ही अर्धी एकत्र असलेलीच घ्या.

वापरलेलं तिकीट असेल तर ओव्हरप्रिंट आणि शिक्का जिथे एकमेकांवर येतात तिथे भिंग लावा. ओव्हरप्रिंटची शाई शिक्क्याच्या वर बसलेली दिसली तर तिकीट परत करा, किंमत कितीही गोड असली तरी. ग्वाल्हेरच्या बाबतीत आणखी एक चाचणी आहे: ही तिकिटं संस्थानात टाकलेल्या टपालासाठीच होती, म्हणून रद्द करणारा शिक्का दूरच्या शहराचा असेल तर आधी कारण शोधा. महागडी चूक-तिकिटं मात्र तज्ज्ञ समितीच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नयेत. प्रमाणपत्रावरचा फोटो हातातल्या तिकिटाशी छिद्रन् छिद्र जुळवून पाहावा.