जळगावातील भाड्याच्या बायपॅपची सेवा: ड्युशेनच्या रुग्णाच्या घरचा अनुभव

एरंडोलला राहणाऱ्या माझ्या भाच्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. त्याच्यासाठी गेल्या वर्षी जळगावातील एका विक्रेत्याकडून बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारे यंत्र, भाड्याने घेतले. खानदेशात यंत्र मिळवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. ते नीट बसवून देणारा आणि नंतर फोन उचलणारा माणूस मिळणे अवघड आहे, म्हणून या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

या आजारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नसल्याने स्नायू हळूहळू झिजतात. बहुतेक मुलांचे चालणे बाराव्या वर्षाच्या आसपास थांबते, आणि पुढे श्वासाचे स्नायू थकू लागतात, तेही आधी झोपेत. सकाळी डोके दुखणे आणि वर्गात पेंगणे ही भाच्याची लक्षणे आम्ही अभ्यासाच्या ताणावर ढकलत होतो; डॉक्टरांनी तपासणी करून रात्री कार्बन डायऑक्साइड साचत असल्याचे सांगितले.

विक्रेत्याची पहिली परीक्षा इथेच झाली. शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून दाजींनी सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही मागितला, तेव्हा दुकानातील तंत्रज्ञाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तो देण्यास स्पष्ट नकार दिला. अशा रुग्णाला श्वासाचा आधार न देता नुसता ऑक्सिजन दिला, तर बोटावरच्या यंत्रातला आकडा चांगला दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो, हे त्यानेच समजावले. विक्री सोडून देणारा दुकानदार विरळा. मला या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. यंत्रही त्याने चिठ्ठीप्रमाणे एसटी मोडचेच दिले, म्हणजे मुलाने स्वतः श्वास ओढला नाही तरी ठरावीक वेळाने ते श्वास देते. स्वस्तातल्या काही यंत्रांत ही सोय नसते.

मास्क बसवण्यासाठी तो घरी आला आणि घाई न करता बसला. पट्टे आवळण्याऐवजी सैल करून, मुलाला आडवे निजवून, हवा डोळ्यांकडे जाते का ते हात लावून पाहिले. मास्कवरची बारीक छिद्रे सोडलेली हवा बाहेर जाण्यासाठी असतात, फुसफुस आवाज येतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावू नका, हे त्याने बहिणीकडून पुन्हा वदवून घेतले. नाकाच्या हाडावर लाल वण उठू नये यासाठीची उशीही त्यानेच आणली होती.

उन्हाळ्याविषयी मात्र आम्हाला स्वतःच शिकावे लागले. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वीज रात्री-बेरात्री जाते. यंत्राचा गरम ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) इन्व्हर्टरची बॅटरी भराभर खातो, त्यामुळे वीज गेल्यावर तो बंद ठेवून नुसते यंत्र चालवले तर बॅटरी बराच जास्त वेळ टिकते. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते. धुळीने फिल्टरही लवकर काळा पडतो.

महिन्याचे भाडे ५,००० रुपये आणि अनामत वेगळी, हे शेतीवर चालणाऱ्या घराला जड आहे. त्याहून मोठी तक्रार अशी की रात्री दिलेला क्रमांक लागत नाही, आणि लहान आकाराचा मास्क दुकानात कधीच शिल्लक नसतो. एकदा मास्कची कडा फाटली, तेव्हा नवा येईपर्यंत मुलाच्या रात्री वाईट गेल्या.

खोकला अशक्त झाल्यावर कफ काढायचे यंत्र इथे भाड्याने मिळाले नाही. त्याऐवजी फिजिओथेरपिस्टनी बहिणीला एकतर्फी झडपेच्या अँबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीने) एकावर एक श्वास भरून मग जोरात खोकायला लावण्याची पद्धत शिकवली, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ चालते.

भुसावळ, अमळनेर, पारोळा या बाजूच्या कुटुंबांनी ही सेवा घ्यायला हरकत नाही. करारात रात्रीचा क्रमांक आणि बदली यंत्र किती तासांत मिळेल हे लिहून घ्यावे, आणि योग्य आकाराचा एक जादा मास्क पहिल्याच दिवशी विकत घ्यावा.