जुन्या एमजीबीचे सुटे भाग: काही महिने गाडी चालवल्यानंतर

गाडी १९६६ सालची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन बांधून ती रस्त्यावर आली त्याला बरेच महिने झाले आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी ती बाहेर निघतेच. कुठला पार्ट टिकला आणि कुठला नाही, हे आता ठामपणे सांगता येतं.

शोधताना गाडीचं नाव टाकून फारसं हाती लागलं नाही. पार्ट नंबर टाकल्यावर मात्र माल दिसायला लागला. एसयू (कार्ब्युरेटर), लुकास (इलेक्ट्रिकल), लॉकहीड (ब्रेक) या कंपन्यांचे कितीतरी भाग त्या काळच्या अनेक गाड्यांना सारखेच लागायचे, त्यामुळे हवा तो पार्ट भलत्याच गाडीच्या नावाखाली पडलेला असतो. कंपनीचं जुनं पार्ट्स बुक मिळवणं हे पहिलं काम. आणि झिजलेला जुना तुकडा फेकायचा नाही, मापं त्याच्यावरूनच घ्यायची.

कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग: एसयू एचएस४ मॉडेलची जोडी, ती मी मूळचीच ठेवली. यांचा खरा रोग म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) आणि त्याचं भोक झिजतं, तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाची संथ चाल) काही केल्या बसत नाही. स्पिंडल बोटांनी हलवला तरी खेळ कळतो. लेथवर बुश बसवून घेतले. स्पिंडल, जेट आणि नीडल (पेट्रोल मोजून सोडणारी नळी आणि तिच्यातली सुई) नव्या टाकल्या. नीडलच्या दांड्यावर बारीक कोड असतो, तो भिंगातून वाचून तीच मागवली. तेव्हापासून आयडलिंग जागचं हललेलं नाही. पैसे सगळ्यात सार्थकी लागले ते इथे.

सगळ्यात जास्त छळलं ते नव्या रोटरने, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणाऱ्या तुकड्याने. थंड गाडी पहिल्या सेल्फला सुरू, तापली की एकदम बंद, थोडी निवली की पुन्हा चालू. संशय पेट्रोलवर जातो. रोटर काढून पाहिला तर पितळी पट्टीच्या रिव्हेटखाली प्लास्टिकवर बारीक काळी रेघ! प्लास्टिक हलक्या प्रतीचं असलं की ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी तिथूनच शाफ्टमध्ये उतरते. बिनरिव्हेटचा रोटर बसवला आणि दुखणं गेलं. डिस्ट्रिब्युटरच्या मालात स्वस्त बघूच नका.

वर्षानुवर्षं पाकिटात पडून असलेला कोरा माल धातूचा असेल तर डोळे मिटून विकत घ्या. गिअर, शाफ्ट, बिजागऱ्या, सगळं उत्तम निघालं. रबर मात्र बंद पाकिटातही कडक होतं. ब्रेकचे सील आणि होज ताज्या उत्पादनाचेच हवेत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरत असाल तर फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) व्हिटॉन या पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या टोकाची आणि पेट्रोलचा पाइप आर९ छापाचा घ्या. माझे अजून मऊ आहेत, वास नाही, पाझर नाही.

टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) अजून मिळालेला नाही. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) आणि १९६७ च्या अखेरीनंतरच्या गाड्या निगेटिव्ह अर्थच्या, त्यामुळे नंतरचा मीटर जसाच्या तसा चालत नाही. नवा शोधण्यापेक्षा आहे तोच दुरुस्तीला दिलाय.