सॉना बांधताय? सागवान, सीडर, हेमलॉक की थर्मोवुड

कोल्हापुरात सॉना, म्हणजे घाम काढायची तापवलेली लाकडी खोली, बांधायचा विषय काढला की पहिला सल्ला सागवानाचा येतो. मिस्त्री तोच देतो, सासरे तोच देतात, टिंबर मार्केटातला दुकानदार तर देतोच. सागवानाबद्दल मला आदर आहे. माझ्या घराच्या चौकटी त्याच्याच आहेत. पण सॉनाच्या बाकाला ते नको. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, तर फिनलंडमध्ये बाकासाठी चालणारं अस्पेन ४५०च्या आसपास. जड लाकूड साठवलेली उष्णता अंगाला भराभर देतं. ९० अंशांच्या खोलीत नुसत्या चड्डीवर बसलेल्या माणसाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

मग उरतात तीन: वेस्टर्न रेड सीडर आणि हेमलॉक ही उत्तर अमेरिकेतली दोन लाकडं, आणि उष्णतेची प्रक्रिया केलेलं लाकूड, म्हणजे बाजारातलं थर्मोवुड. आमच्या व्यायामशाळेतला सॉना करताना मला यातूनच निवड करायची होती. हीटर किती किलोवॅटचा, इन्सुलेशन कसं, हे तुम्ही वाचलंच असेल. इथे फक्त लाकडाचं बोलतो.

सीडर लवकर संपवतो. लाकूड उत्तम, हलकं, ओलीला सहसा न कुजणारं. पण वास फार. काहींना तोच आवडतो, आणि घरात दोघा-तिघांसाठी सॉना असेल तर मी सीडरला नाही म्हणणार नाही. व्यायामशाळेत मात्र घामाच्या वासात तो वास मिसळला की जे होतं ते मला सोसलं नाही. शिवाय त्याच्यातल्या प्लिकॅटिक ॲसिडमुळे भुसा नाकात जाऊन कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत. कापायला मिस्त्री बसणार, तेव्हा मास्क त्याला तुम्हीच आणून द्या. तो स्वतःहून लावणार नाही.

खरी लढत हेमलॉक आणि थर्मोवुडची. हेमलॉकच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. राळ नाही, वास नाही, रंग फिकट आणि एकसारखा. दिवा लावला की केबिन मोठी वाटते. आपल्याकडे मिळणाऱ्या तयार किटमध्ये बहुतेक वेळा तेच किंवा पाईन असतं, त्यामुळे फळ्या, बाक, दार सगळं मापात येतं. थर्मोवुडपेक्षा स्वस्तही पडतं. चटका म्हणाल तर हेमलॉकवर मला कधी बसला नाही. थर्मोवुडची उष्णतावहनक्षमता साध्या लाकडापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी असते, हे खरं. पण बूड टेकवल्यावर एवढा फरक मला जाणवला असं प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

थर्मोवुड म्हणजे काय, एवढं थोडक्यात. १९९०च्या दशकात फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेत ही पद्धत पक्की झाली. लाकूड भट्टीत घालतात, वाफ सोडून प्राणवायू दूर ठेवतात म्हणजे ते पेटत नाही, आणि तापमान १८५ ते २१५ अंशांच्या दरम्यान दोन-तीन तास धरतात. मग थंड करता करता थोडी ओल परत देतात. कुठलंही रसायन नाही. या तापाने लाकडातलं हेमिसेल्युलोज मोडतं. पाणी धरून ठेवणारा आणि बुरशीला खाद्य पुरवणारा भाग मुख्यतः तोच असतो. त्यामुळे हवेतली ओल शोषण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, फळी फुगणं-आकसणं कमी होतं, आणि पाईन असेल तर राळही निघून जाते. दर्जे दोन. एस म्हणजे आकार टिकवणारा, डी म्हणजे जास्त तापवलेला आणि कुजण्याला जास्त दाद न देणारा.

वासाचं सांगायला हवं. नवीन थर्मोवुड धुरकट वास मारतं, गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ उभं राहिल्यासारखा. आपल्या भागातल्या माणसाला तो परका वाटत नाही, आणि त्याला कारणही आहे: हेमिसेल्युलोज तापून फरफ्युरल नावाचं द्रव्य तयार होतं, आणि तेच फरफ्युरल कारखान्यात उसाच्या चिपाडापासून काढतात. सॉना काही वेळा तापवला की वास विरतो. डी दर्जाचा जरा चिवट असतो.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. ती कुठल्या माहितीपत्रकात नाही. ती म्हणजे तेल.

आमच्याकडे येणाऱ्यांत तालमीतली पोरं बरीच. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी. जिथे मेहनत आहे तिथे मालीश आहे. मालीश झाली की गडी आंघोळ करतो, म्हणजे दोन तांबे अंगावर घेतो, आणि येऊन वरच्या बाकावर पाठ टेकतो. ‘टॉवेल टाकून बसा’ अशी पाटी लावा, मोठ्या अक्षरांत लावा, काही फरक पडत नाही. ओळखीच्या एका जिममध्ये हेमलॉकचा सॉना होता. तिथे मी नेमाने जात असे. पहिल्या पावसाळ्यात त्या गोऱ्यापान बाकावर माणसांचे नकाशे उठले. मांड्यांचे दोन, पाठीचा एक, आणि भिंतीच्या फळीवर डोकं टेकायच्या जागी गोल डाग. मालकाने पॉलिश पेपर मारून घेतला. महिन्याभरात नकाशे परत. पुन्हा पेपर. व्हार्निश लावायचा पर्यायच नसतो, तापल्यावर ते कुणाच्या नाकाला आणि कातडीला मानवणार?

डागांपर्यंत ठीक होतं. पण खालच्या बाकाच्या उलट्या बाजूला आणि पायाखालच्या लाकडी जाळीला काळे ठिपके यायला लागले. कुणी विचारेल, ९० अंशांत बुरशी जगते कशी? ९० अंश असतात डोक्याशी. गरम हवा वर जाते. जमिनीलगत तापमान त्याच्या निम्मंही नसतं. गगनबावड्याकडून येणारा पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवाच ओली करून सोडतो, त्यात हीटरच्या दगडांवर टाकलेलं पाणी खाली निथळतं, आणि रात्री शेवटचा माणूस दार घट्ट लावून जातो. हेमलॉक मुळात कुजण्यापुढे फारसं टिकणारं लाकूड नव्हे. सकाळी दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास. मला त्या वासाची शिसारी बसली, आणि खरं सांगायचं तर निर्णय तिथेच झाला. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

म्हणून आमच्याकडे बाक, पाठ टेकायच्या फळ्या आणि खालची जाळी थर्मो अस्पेनची आहे. तेल त्यालाही लागतं, लाकूड तेल पितंच. पण मुळात ते तपकिरी असल्यामुळे नकाशा उठत नाही. मळ दिसत नाही म्हणजे मळ नाही असं नव्हे, हा आक्षेप माझी बायकोच घेते, आणि तो रास्त आहे. ब्रश आणि कोमट पाणी आम्हाला चुकलेलं नाही. मात्र जाळी उलटी करून बघितली तर काळे ठिपके नाहीत, आणि सकाळचा तो वास नाही. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

थर्मोवुडचे तोटेही आहेत, आणि ते मिस्त्रीच्या हाताखाली कळतात. आमच्या मिस्त्रींनी पहिला स्क्रू थेट पिळला आणि फळी टोकाला चर्रकन फाटली. ‘साहेब, ह्ये भाजल्यालं हाय, ह्येच्यात जीव न्हाई’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की सागवान नाकारल्याचा सूड उगवला जातोय. त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. जास्त तापवलेल्या लाकडाची वाकण्याची ताकद तीस टक्क्यांपर्यंत घटू शकते, ते ठिसूळ होतं, कडेच्या कुसळ्या निघतात. आधी ड्रिलने भोक, मग स्क्रू. टोकापासून जरा आत. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, कारण हे लाकूड आम्लधर्मी असतं आणि साधा लोखंडी स्क्रू गंजून भोवती काळं करतो. आणि तो खालच्या बाजूने मारायचा, नाहीतर तापलेलं डोकं कुणाच्या तरी मांडीला लागणार.

ताकद कमी, आणि आमचे पाहुणे शंभर-सव्वाशे किलोचे. म्हणून बाकाखालचे आडवे आधार आम्ही दर दीड-दोन फुटांवर घेतले. हेमलॉकला इतके लागले नसते.

भिंती मात्र आमच्याही हेमलॉकच्या आहेत. सगळी केबिन थर्मोवुडची केली तर दिव्याचा उजेड लाकूडच गिळतं, आणि लहान खोलीत ते अंगावर येतं. पाठ टेकायच्या फळ्या सोडल्या तर भिंतीला ना तेल लागतं ना पाणी साचतं, तिथे जास्तीचे पैसे कशाला? घरचा सॉना असेल, माणसं मोजकी असतील, टॉवेलची शिस्त असेल आणि वापरून झाल्यावर दार उघडं ठेवायची सवय असेल, तर पूर्ण हेमलॉक घेऊनही तुमचं अडणार नाही, असं मला वाटतं. पन्हाळ्याच्या बाजूला फार्महाऊसवर उघड्यावर केबिन ठेवणार असाल तर बाहेरून थर्मो पाईन, डी दर्जाचं; फक्त उन्हाने त्याचा तपकिरी रंग उडून राखाडी होतो, ते मनाशी धरा. आणि शाहूपुरी-कुंभार गल्लीसारख्या भागात तळमजल्यावर बांधायचा विचार असेल तर २०१९ आणि २०२१च्या पुराचं पाणी आठवा. पंचगंगेपुढे कुठलाच दर्जा चालत नाही.

घेताना एक करा. तुकडा मधोमध कापायला लावा. खरं थर्मोवुड आरपार तपकिरी असतं. वरून रंग दिलेलं असेल तर आतून पांढरं निघतं. हातात हलकं लागतं, आणि कापताना तोच चुलवाणाचा वास सुटतो. बाकासाठी गाठी नसलेल्या फळ्या मागा, कारण गाठ जास्त तापते.

आपल्याकडे हा माल बहुतेक परदेशातून येतो आणि मुंबई-बंगळूरकडून मागवावा लागतो, त्यामुळे मापं एकदाच नीट देऊन थोड्या जास्तीच्या फळ्या घ्या, दोन-चार फाटतीलच. आणि काम मेअखेर उरकेल असं बघा. जुलै उजाडला की आमच्याकडचे मिस्त्री गणपतीच्या मखरांत अडकतात, मग दिवाळीपर्यंत त्यांचा फोन लागत नाही.