नाण्यांसाठी ड्राय कॅबिनेट : बडोद्याच्या दमट हवेतील चौदा महिन्यांचा अनुभव

बाबांनी चाळीस वर्षांत जमवलेली सुमारे सहाशे नाणी मी नोव्हेंबर २०२४ मध्ये विजेवर चालणाऱ्या एका ड्राय कॅबिनेटमध्ये हलवली. कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून छायाचित्रकार जे वापरतात, तेच हे तीस लिटरचे, काचेच्या दाराचे छोटे कपाट. मला ते साधारण नऊ हजार रुपयांना पडले. एक पूर्ण पावसाळा पार पडल्याशिवाय त्याविषयी मत द्यायचे नाही असे ठरवले होते, म्हणून आता चौदा महिन्यांनी लिहीत आहे.

आमचे घर दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाही, परंतु भिंती खालून ओल धरत गेल्या आणि ज्या भिंतीला टेकून नाण्यांचे लोखंडी कपाट होते तिचा गिलावा दसऱ्यापर्यंत हाताला गार लागत होता. कपाट उघडले तेव्हा पहिल्यांदा वास जाणवला, नव्या रेनकोटला येतो तसा. तो वास अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांचा होता. हे कप्पे पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवणारा पदार्थ कालांतराने बाहेर झिरपतो, प्लॅस्टिकच्या विघटनातून आम्ल सुटते, आणि उष्ण व दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. निकेल मिसळलेल्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर बसला होता. पुठ्ठ्याच्या चौकटीत स्टेपलर मारून ठेवलेल्या नाण्यांच्या पिना गंजून त्यांचे तांबूस डाग कडांवर उतरले होते, तर तीन पैशांच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यांवर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली बारीक खड्डे दिसत होते.

सर्वांत जास्त वाईट वाटले ते गायकवाडी पैशांचे. सयाजीराव महाराजांच्या (तिसरे) काळातील, एका बाजूला घोड्याचा खूर आणि वक्र तलवार असलेली ही तांब्याची नाणी विक्रम संवताच्या १९४० च्या दशकातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत. बाबांच्या संग्रहात अशी बावीस होती आणि त्यांतील नऊ नाण्यांवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटले होते. जुन्या तांब्यावरचा हिरवा रंग म्हणजे बिघाड, असे मुळीच नाही. कठीण, गुळगुळीत, नाण्याशी एकजीव झालेला हिरवा थर नाण्याचे रक्षणच करतो आणि तो कधीही घासू नये. परंतु लाकडी टूथपिकच्या टोकाने सहज सुटणारी आणि पुसून टाकली तरी काही दिवसांत पुन्हा वर येणारी भुकटी वेगळी. संग्राहक तिला ‘ब्रॉन्झ डिसीज’ म्हणतात. धातूत शिरलेल्या क्लोराइडपासून तांब्याचे क्लोराइड बनते, हवेतील ओलावा आणि ऑक्सिजन यांच्याशी त्याची क्रिया होते, त्यातून आम्ल निर्माण होते आणि ते आणखी तांबे खाते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की हे चक्र जागे होते. पावसाळ्यात आमच्या खोलीत ती ८० च्या वरच असते.

क्लोराइड आले कोठून, याचे उत्तर मला आईकडून मिळाले. दिवाळीच्या आधी देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि मीठ लावून घासली जात, आणि बाबा त्याच वेळी आपले काही पैसेही उजळून घेत. चिंचेतील आम्लाने वरचा संरक्षक थर निघाला आणि मिठातील क्लोराइड बारीक छिद्रांत जाऊन बसले. भांडी रोज वापरात असतात, रोज धुतली जातात. नाणी मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे बंद कप्प्यात राहिली. ज्यांच्या घरी तांब्याची जुनी नाणी पूजेत आहेत, त्यांनी ती चिंच-मिठाने घासू नयेत ही माझी कळकळीची विनंती आहे.

कॅबिनेटमध्ये ठेवण्यापूर्वी चिकट थर असलेली नाणी मी शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवली (नखांवरचा रंग काढण्याच्या द्रवात इतर पदार्थ मिसळलेले असतात, तो चालत नाही, आणि हे काम उघड्या खिडकीशी, जवळ कोणतीही ज्योत नसताना करावे). नऊ पैशांवरची भुकटी टूथपिकने काढून ती सहा आठवडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवली व दर आठवड्याला पाणी बदलले. त्यानंतर ॲसिटोनमधून काढून पूर्ण सुकवली आणि मायलारच्या कडक पारदर्शक पाकिटांत घातली.

आता कपाटाविषयी. आतल्या एका छोट्या कप्प्यातील शोषक पदार्थ हवेतील बाष्प धरून ठेवतो. ठरावीक वेळाने तो तापवला जातो, त्या वेळी आतल्या बाजूची झडप बंद होऊन मागची उघडते आणि बाष्प बाहेर टाकले जाते. पाणी साठत नाही, आवाज नाही, आणि वीज फारच थोडी लागते. वीज गेली तरी दार बंद असेल तर आतला कोरडेपणा टिकतो. जूनमध्ये एकदा सलग नऊ तास वीज नव्हती, तेव्हा दारावरचा आर्द्रतेचा आकडा केवळ तीनने वाढला. दाराची रबरी पट्टी घट्ट बसते. पट्टीला सुरुवातीला वास होता, म्हणून आठ दिवस दार उघडे ठेवूनच मी कपाट वापरायला घेतले.

कपाटासोबत आलेला करडा फोम मात्र मी वापरला नाही. तो चांदीला चालेल का हे पाहण्यासाठी पैंजणाचे दोन तुकडे पॉलिश करून, एक फोमच्या कातरणासह आणि एक तसाच, अशा दोन बंद बरण्यांत थोड्या ओलसर कापसाबरोबर चार आठवडे खिडकीत ठेवले. फोमजवळचा तुकडा पिवळसर झाला, दुसरा स्वच्छ राहिला. भिंगांना त्या फोमचा त्रास होत नसेल, पण चांदीला होतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी तळाशी साधा पांढरा, आम्लविरहित कागद अंथरला.

पहिले सात महिने मी अत्यंत समाधानी होतो. दारावरचा आकडा मी ४० वर ठेवला होता आणि तो ४० वरून हलत नव्हता. जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात भिंगाखाली पाहताना दोन पैशांवर, तलवारीच्या मुठीजवळ, तीच फिकट हिरवी भुकटी पुन्हा दिसली. आकडा ४० असताना असे होण्याचे कारण नव्हते, म्हणून शंका आकड्यावरच घ्यावी लागली.

आर्द्रता मोजण्याचे यंत्र तपासण्याची पद्धत सोपी आहे आणि तिला स्वयंपाकघरातील मीठ पुरते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन त्यात ते विरघळणार नाही, फक्त ओले लगद्यासारखे होईल इतकेच पाणी घालावे, आणि ते टोपण व हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत एकत्र बारा तास ठेवावेत. आत आर्द्रता ७५ टक्के स्थिरावते. माझ्या चारशे रुपयांच्या सुट्या हायग्रोमीटरने ७१ दाखवले. एका आर्द्रतेवरची चूक दुसऱ्या आर्द्रतेवर तितकीच असेल असे नसते, म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडच्या लगद्यावरही चाचणी घेतली, जो ३३ टक्क्यांवर स्थिरावतो. तेथे यंत्राने ३० दाखवले. म्हणजे ते तीन ते चार टक्के कमी सांगत होते. तेच यंत्र कॅबिनेटमध्ये मधल्या कप्प्यात ठेवले, तेव्हा दारावर ४० आणि यंत्रावर ४३ होते. खरी आर्द्रता ४६ ते ४७ होती. सात महिने मी त्या नाण्यांना नेमके धोक्याच्या रेषेवर ठेवले होते, आणि दारावरच्या हिरव्या आकड्याकडे पाहून रोज निश्चिंत होत होतो. हे समजले त्या रात्री मला झोप लागली नाही.

विक्रेत्याकडे तक्रार केली असता पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो असे उत्तर मिळाले. फरक पाचापेक्षा अधिक होता, पण आकडा दुरुस्त करण्याची सोय या कपाटात नाही. मी दारावरचा आकडा ३२ वर आणला. तेव्हापासून आत खरी आर्द्रता ३८ ते ३९ असते. ती दोन नाणी पुन्हा धुऊन वेगळ्या पाकिटांत ठेवली. ऑगस्टपासून आजपर्यंत दर पंधरा दिवसांनी भिंगाखाली पाहतो आहे आणि बावीसपैकी एकाही पैशावर नवा ठिपका आलेला नाही. या एका बाबतीत कपाटाने दिलेला शब्द पाळला, मात्र तो पाळला जातो आहे की नाही हे मोजण्याची व्यवस्था मला करावी लागली.

पावसाळ्यात दार दहा मिनिटे उघडे राहिले तर आकडा ६० च्या पुढे जातो आणि पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन तास लागतात. म्हणून नाणी पाहायची असतील तेव्हा हवा तो ट्रे बाहेर काढून दार लगेच लावावे. एसीच्या खोलीत कपाट ठेवू नये, हेही सांगतो. थंड झालेली नाणी बाहेरच्या दमट खोलीत आणताच त्यांवर दव धरते. माझे कपाट आता आतल्या भिंतीपासून एक वीत अंतरावर, लाकडी पाटावर आहे.

चांदीच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. कोरड्या हवेत ती क्रिया मंदावते, थांबत नाही. बाबांकडे ९१.७ टक्के चांदीचे जुने रुपये आहेत, आणि १९४० पासून काढलेले, निम्मी चांदी व उरलेले तांबे, निकेल आणि जस्त असलेले रुपयेही आहेत. पहिल्या प्रकारात चौदा महिन्यांत काहीच बदल दिसला नाही, दुसऱ्या प्रकारातील चार नाण्यांवर कडेने फिकट पिवळी छटा आली आहे. ॲल्युमिनियमच्या नाण्यांवर पडलेले खड्डे अर्थातच तसेच आहेत, वाढलेले नाहीत. जुन्या नोटा आणि बाबांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या मी यात ठेवल्या नाहीत.

याच काळात माझ्या आतेभावाने त्याची साठ-सत्तर नाणी स्वयंपाकघरातील रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, दोनशे ग्रॅम नारंगी सिलिका जेलसह (ओलावा शोषणारे दाणे) ठेवली होती. (निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते, ते आरोग्याला घातक मानले जाते, नारंगी घ्यावे.) माझ्याच तपासलेल्या यंत्राने मोजले असता भर पावसाळ्यात, आठवड्यातून एकदाच डबा उघडूनही, आतली आर्द्रता सात आठवडे ४० च्या खाली राहिली. त्यानंतर जेलचा रंग उतरला, ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास तापवल्यावर पुन्हा पूर्ववत झाले. त्याचा एकूण खर्च यंत्रासह हजार रुपयांच्या आत आहे. ज्यांची नाणी शंभराच्या आत आहेत आणि वारंवार हाताळली जात नाहीत, त्यांना मी हा डबाच घ्यायला सांगेन. माझ्याकडे सहाशे आहेत, मुले ती पाहायला मागतात आणि दार रोज उघडते, म्हणून मी कपाट ठेवले आहे. सुटे हायग्रोमीटर मधल्या कप्प्यात कायम असते, आणि दर तीन महिन्यांनी ते एका रात्रीपुरते मिठाच्या पिशवीत जाते.