आप्पांचा हात: एमआरआय की ट्रोडॅट?

रंकाळ्यावर बसलं की आप्पांचा उजवा हात मांडीवर थरथरायचा. भेळेचा घास उचलला की थांबायचा. आधी एमआरआय काढला. नॉर्मल! घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण सुरुवातीच्या पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो. तो गाठ, जुना पक्षाघात, साठलेलं पाणी शोधायला.

ट्रोडॅट हा मेंदूचा वेगळा स्कॅन. हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन म्हणजे डोपामाइन; ते बनवणाऱ्या पेशींची टोकं तो दाखवतो. टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन घ्यायचं, मग काही तास ताटकळायचं. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम उजळतात. पार्किन्सनमध्ये शेपटी विझून पूर्णविराम उरतो. आप्पांची डावीकडची शेपटी आधी विझली होती; उजवा हात मेंदूची डावी बाजूच चालवते. एसेन्शियल ट्रेमर, म्हणजे पार्किन्सन नसलेला हाताचा कंप, त्यात हा स्कॅन नॉर्मल राहतो. पीएसपी हा पार्किन्सनसारखा दिसणारा दुसरा आजार वेगळा ओळखायला मात्र तो कच्चा, तिथं परत एमआरआयच. आणि लक्षणं स्पष्ट असतील तर मी ट्रोडॅटचा खर्च करणार नाही.