‘आयट्रिपलई फॉरमॅट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पेपर देण्याआधी

फायनल इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरला शेवटचा रिव्ह्यू जवळ आला की कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: आयट्रिपलई फॉरमॅट, प्लेजरिझम रिमूव्हल, पब्लिकेशन, सर्टिफिकेट, सगळं तीन दिवसांत. आयट्रिपलई ही इंजिनिअरांची जागतिक संस्था, तिच्या कॉन्फरन्स आणि जर्नल्सच्या पेपरची ठरलेली मांडणी म्हणजे ‘आयट्रिपलई फॉरमॅट’; प्लेजरिझम म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाची नक्कल. गाइडने टर्मवर्कसाठी पेपर मागितलेला असतो, गटात लेटेक (कमांड लिहून पेपर मांडायचं सॉफ्टवेअर) कुणालाच येत नसतं, आणि चौघांत वाटून घेतले तर पैसेही फार वाटत नाहीत. मुलं फसतात ती इथे. यात गेलेले पैसे हे सगळ्यात लहान नुकसान असतं, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी विकलं काय जातं ते पाहा. आयट्रिपलईच्या कॉन्फरन्स पेपरचा साचा त्यांच्याच संकेतस्थळावर वर्ड आणि लेटेक दोन्हींत फुकट मिळतो. ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेक एडिटरवर तो उघडायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. दोन कॉलम, टाइम्स न्यू रोमन, शीर्षक २४ पॉइंट, मजकूर १० पॉइंट, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ९ पॉइंट ठळक, आकृत्यांच्या माहितीच्या ओळी (कॅप्शन) आणि संदर्भ ८ पॉइंट. मुख्य विभागांना रोमन आकडे. आकृतीची ओळ आकृतीखाली, तक्त्याची तक्त्याच्या वर. साच्यात हे सगळं आधीच बसवलेलं असतं. आपण आपला मजकूर जागच्या जागी भरायचा. सहा पानांच्या पेपरला लेटेकची पंधरा-वीस कमांड पुरतात आणि त्या एका दुपारी येतात.

पैसे घेणारा बहुतेकदा याहून वाईट काम करतो. घाईत मजकूर वर्डमध्ये चिकटवतो, समीकरणांचे स्क्रीनशॉट लावतो, आणि कंसातले संदर्भक्रमांक हाताने टाइप करतो. रिव्ह्यूअरने मध्ये एक संदर्भ वाढवायला सांगितला की पुढचे सगळे आकडे चुकतात. लेटेकमध्ये संदर्भ देणारी साइट (cite) कमांड आणि संदर्भांची यादी सांभाळणारं बिबटेक वापरलं तर हे क्रमांक आपोआप सरकतात. कागदाचा आकार हा आणखी एक सापळा. आयट्रिपलईचा लेटेक क्लास काही न सांगता वापरला तर अमेरिकन लेटर आकार घेतो, आणि कॉन्फरन्सने ए-फोर मागितलेला असतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-फोर २१० बाय २९७. दिसायला फरक किरकोळ, पण पेपर परत यायला तेवढा पुरतो. क्लासच्या ओळीत ए-फोर-पेपर (a4paper) हा एक शब्द घातला की काम होतं.

पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने काढलेले आलेखही असेच अडतात. पीडीएफ काढताना ते मुळात टाइप थ्री प्रकारचे फॉन्ट घालतं आणि फाइल नियमांत बसते का हे पाहणाऱ्या आयट्रिपलईच्या पीडीएफ एक्सप्रेस तपासणीत फाइल नापास होते. त्यासाठी आलेख काढण्याआधी पीडीएफ-फॉन्टटाइप (pdf.fonttype) ही सेटिंग ४२ करायची. फाइल अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून प्रॉपर्टीजमधल्या फॉन्ट्स पानावर प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फाइलमध्येच घातलेला) आहे का, हे स्वतः बघा. पीडीएफ एक्सप्रेस लेखकाला फुकट असते आणि तिचा कॉन्फरन्स आयडी आयोजकांकडून मेलवर येतो. त्या तपासणीचे वेगळे पैसे कुणी मागितले तर व्यवहार तिथेच थांबवा.

खरी पकड मात्र पुढे आहे. हा माणूस फक्त पीडीएफ देतो. टेक्स फाइल (लेटेकचा मूळ मजकूर), बिब फाइल (संदर्भांची यादी), आलेखांच्या मूळ फाइल्स देत नाही. एका लेखकाच्या नावात दुरुस्ती हवी असली तरी त्याच्याकडेच जावं लागतं, आणि प्रत्येक दुरुस्तीचा दर निराळा. काही वेळा तर मुलांनी कधी न पाहिलेलं एखादं नाव लेखकांच्या रांगेत आलेलं असतं.

‘प्लेजरिझम रिमूव्हल’ याहून घातक. यात दोन प्रकार चालतात. पहिल्यात शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर फिरवतात आणि त्यात ठरलेल्या संज्ञांचीही मोडतोड होते. गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये अशा संज्ञा गोळा करून दाखवल्या. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ होतं, बिग डेटाचं ‘कोलोसल इन्फर्मेशन’. अशा संज्ञा हुडकणारं सॉफ्टवेअर आता आहे आणि त्यावरून छापून आलेले पेपरही मागे घेतले गेले आहेत. दुसऱ्या प्रकारात इंग्रजी अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी रशियन लिपीतली अक्षरं घालतात किंवा पांढऱ्या रंगात मजकूर दडवतात. साम्याची टक्केवारी खाली येते, पण टर्निटिन हे साम्य तपासणारं सॉफ्टवेअर बदललेली अक्षरं आणि लपवलेला मजकूर वेगळा दाखवतं. मग प्रश्न साम्याचा राहत नाही, हेतुपुरस्सर फसवल्याचा होतो. आणि उत्तर द्यायला पेपरवर ज्यांची नावं आहेत तेच उभे राहतात.

तपासणीचा रिपोर्ट देतो म्हणतात, तिथेही जपा. टर्निटिनमध्ये तपासलेला पेपर त्यांच्या साठ्यात ठेवायचा की नाही, हे अकाउंट चालवणाऱ्याच्या सेटिंगवर ठरतं. एजंटने तो साठवू दिला आणि पुढे कॉलेजने तोच पेपर तपासला, तर स्वतःचं लिखाण स्वतःशीच जुळून साम्य जवळपास शंभर टक्के दिसतं. मास्टर्स आणि संशोधन पदव्यांच्या लिखाणाला युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० च्या वर ६० पर्यंत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. एमटेकच्या विद्यार्थ्याने हा खेळ खेळूच नये.

मग येतं पब्लिकेशन. जाहिरातीत ‘आयट्रिपलई फॉरमॅट जर्नल’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते आयट्रिपलईचंच जर्नल वाटतं. त्यांच्या साच्यात कुणीही काहीही छापू शकतो; त्यामुळे पेपर आयट्रिपलई एक्स्प्लोअर या त्यांच्या ऑनलाइन संग्रहात जात नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती संदर्भ घेतला याचा आकडा) क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधून येतो. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचे इतर आकडे विकत घेता येतात. ‘युजीसी केअर अप्रूव्हड’ असं आज कुणी सांगत असेल तर लक्षात ठेवा, मान्य जर्नल्सची ती यादी बंद केल्याचं युजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर केलं आहे. स्कोपस या संशोधन-सूचीत जर्नल आहे का हे त्यांच्या सोर्सेस पानावर फुकट पाहता येतं. नाव सापडलं तरी कोणत्या वर्षापर्यंतचे अंक घेतले आहेत ते वाचा, कारण काढून टाकलेली जर्नल्सही तिथे जुन्या वर्षांसह दिसतात. नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब बनावट साइटही असते, म्हणून पत्ता स्कोपसच्या किंवा प्रकाशकाच्या पानावरूनच घ्या, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

दुसऱ्या दिवशी स्वीकृतीपत्र आलं तर पेपर कुणी वाचलेला नाही, एवढं नक्की समजा. स्वीकारल्यावरच फी सांगणं हीसुद्धा जुनी रीत आहे. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला, त्यातल्या आरोपांत हाही होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायचा आदेश दिला.

सर्वांत मोठं नुकसान कॉपीराइट फॉर्मवर सही करताना होतं, आणि तो फॉर्म मुलं न वाचताच परत पाठवतात. वर्षभराचं काम कुठल्या तरी साइटवर चढलं की तेच काम चांगल्या कॉन्फरन्सला पाठवता येत नाही. ते दुबार प्रकाशन ठरतं. मागे घ्यायचं म्हटलं की ‘विथड्रॉवल फी’ मागतात, तीही बहुधा छापण्याच्या फीपेक्षा जास्त.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि मेल जपून ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, कारण समोरचा मेसेज पुसतो. पेपर अजून छापला नसेल तर ‘आम्ही हा पेपर मागे घेत आहोत, छापायला आमची संमती नाही’ असं सर्व लेखकांना सीसी ठेवून मेलवर कळवा आणि विथड्रॉवल फी भरू नका. आधीच छापला असेल तर गाइडला लेखी सांगा. तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा असेल तर संपादकाला आधीच्या छपाईची माहिती पहिल्याच पत्रात द्या. ती नंतर उघड झाली तर पेपर तिथूनही जातो.