वेबकॅमच्या ‘ड्रायव्हर’साठी ४५,१९८ रुपये

सर्वप्रथम हे स्पष्ट करतो की मी संगणकाला घाबरणारा माणूस नाही. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि २०१४ साली विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले तेव्हापासून घरच्या संगणकावर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीची एक आवृत्ती, वापरतो आहे. तरीही श्रावणातल्या एका शनिवारी संध्याकाळी, तासाभरात, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या माझ्याच घरात बसून मी ४५,१९८ रुपये गमावले. हे लिहायला लाज वाटते, पण माझ्यासारखे लिनक्स वापरणारे अनेक जण ‘आपल्याला व्हायरस लागत नाही’ एवढ्यावर निर्धास्त असतात, म्हणून लिहितो.

पावसाळ्यात राधानगरी आणि गारगोटीकडची मुले शिकवणीला येऊ शकत नाहीत, म्हणून दहावीच्या अकरा मुलांचा वर्ग मी ऑनलाइन घेतो. एक कॅमेरा चेहऱ्यावर आणि दुसरा वहीवर, म्हणजे भूमितीची आकृती मुलांना नीट दिसते. त्या दिवशी दोन्ही कॅमेरे एकाच नव्या यूएसबी हबला, म्हणजे एका यूएसबी जागेत अनेक वायरी लावता येणाऱ्या जोडणीला, जोडले. पहिला सुरू झाला, दुसरा होईना, आणि टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ (जागा उरलेली नाही) असा संदेश आला. वर्ग सहाला होता आणि पाच वाजून गेले होते. ड्रायव्हर म्हणजे जोडलेले उपकरण संगणकाकडून चालवून घेणारे सॉफ्टवेअर, तेच बिघडले असेल असे वाटून घाईत मी कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव आणि ‘लिनक्स ड्रायव्हर मदत’ असे शोधले. सर्वात वर आलेल्या दुव्यावर कंपनीचे बोधचिन्ह आणि टोल फ्री क्रमांक होता. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिले होते, हे मी दुसऱ्या दिवशी पाहिले.

फोनवरचा मुलगा अत्यंत नम्रपणे, हिंदीत बोलत होता. स्क्रीन दुरून पाहण्याचे सॉफ्टवेअर त्याने टाकायला लावले, त्यावर दिसलेला क्रमांक मी सांगितला आणि माऊस आपोआप हलू लागला. त्याने टर्मिनल उघडून ‘डीमेसेज’ ही यंत्राच्या अंतर्गत नोंदी दाखवणारी आज्ञा चालवली. त्यात लाल अक्षरांतल्या चार-पाच ओळी दिसल्या. त्या कोणत्याही धडधाकट यंत्रावर दिसतात, हे मला माहीत असायला हवे होते. मग तो म्हणाला, “सर, आपका सी ड्राइव्ह फुल हो गया है, इसलिए ड्रायव्हर का लायसन्स एक्स्पायर हुआ.”

सी ड्राइव्ह. हे विंडोजमधल्या मुख्य डिस्कचे नाव, लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नसतो. ही गोष्ट मी स्वतः अनेकांना समजावून सांगितलेली आहे. त्याहून वाईट म्हणजे त्याच आठवड्यात मी डिस्क तपासली होती आणि २१२ जीबी जागा मोकळी होती, हे मला पाठ होते. शब्द कानावर पडताच माझा हात क्षणभर थांबलाही होता. पण मनात आले, बिचारा दिवसभर विंडोजवाल्यांचे फोन घेत असेल, जीभ घसरली असेल. म्हणजे फसवणाऱ्याची चूक मीच त्याच्या वतीने सावरून घेतली! त्या एका शब्दावर फोन ठेवला असता तर एक रुपयाही गेला नसता. तेव्हापासून रोज रात्री तो शब्द मला ऐकू येतो.

‘ड्रायव्हर लायसन्स’चे १,४९९ रुपये मी ५ वाजून ३२ मिनिटांनी दिले. कॅमेरा सुरू झाला नाही. त्यावर ‘तीन वर्षांचे संरक्षण’ घेतल्याशिवाय लायसन्स चालू होत नाही, असे सांगून आणखी ४,९९९ रुपये घेतले. आता मला शंका आली आणि मी पैसे परत मागितले. माझ्या मते हे शहाणपणाचेच होते, पण तो बहुधा त्याचीच वाट पाहत होता. परताव्यासाठी त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करायला लावला आणि ‘रेफरन्स क्रमांक ३८७००’ रिकाम्या चौकोनात टाकायला सांगितले. त्या चौकोनावर ‘रक्कम’ असे लिहिलेले होते. वर्गातल्या एका मुलाच्या आईचा फोन येत होता, सहा वाजून गेले होते, आणि मी पिन टाकला. ३८,७०० रुपये गेल्याचा संदेश ६ वाजून १४ मिनिटांनी आला. क्यूआर स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे जातात, येत कधीच नाहीत. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला आज, जेवायच्या आधी सांगा.

आणि ज्यासाठी हे सगळे घडले त्या ड्रायव्हरबद्दल. बहुतेक सर्व यूएसबी वेबकॅम ‘यूव्हीसी’ या ठरलेल्या पद्धतीने चालतात आणि त्यांचा ड्रायव्हर, ‘यूव्हीसीव्हिडिओ’, २००८ पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. तो विकत मिळत नाही आणि त्याची मुदतही संपत नाही. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने कॅमेरा दिसत असेल तर यंत्राने तो ओळखलेला असतो. माझे दोन्ही कॅमेरे त्या यादीत फोनवरच्या त्या मुलाच्या डोळ्यांसमोर दिसत होते. ‘नो स्पेस’ या संदेशातली जागा डिस्कची नव्हतीच, ती यूएसबीच्या माहिती वाहून नेण्याच्या क्षमतेची होती. पहिल्या कॅमेऱ्याने हबची बहुतेक क्षमता राखून ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्याला उरली नाही. वर्ग बुडाल्यावर रात्री दहा वाजता मी एक वायर हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावली आणि कॅमेरा सुरू झाला. फुकट.

आता अधिकाऱ्यांविषयी. बँकेच्या मदतक्रमांकावर मी ६ वाजून २० मिनिटांनी फोन लावला. भाषा निवडा, खाते निवडा, सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, असे करत सत्तावीस मिनिटे गेली आणि फोन तुटला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा सरकारी मदतक्रमांक मला ७ वाजून ५ मिनिटांनी लागला. तेथील ताईंनी तक्रार नोंदवून घेतली, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. तुम्ही मात्र बँकेत वेळ न घालवता आधी १९३० लावा. रविवारी मी जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. तेथे एका कर्मचाऱ्याने “ड्रायव्हरने पैसे घेतले ना, मग गाडीचा नंबर द्या,” असे विचारले आणि मी पाऊण तास समजावल्यावर सायबर ठाण्याकडे जाण्यास सांगितले. सोमवारी सायबर ठाण्यात प्रत्येक संदेशाची छापील प्रत मागितली, ती काढून आणल्यावर साहेब बैठकीला गेले होते. बुधवारी कळले की रक्कम पहिल्या खात्यात त्या दिवशी ७ वाजून ४० मिनिटांपर्यंत पडून होती, मग एटीएममधून काढली गेली, आणि केवळ ६,२०० रुपये गोठवता आले. माझा पहिला फोन ६ वाजून २० मिनिटांचा होता! तब्बल ऐंशी मिनिटे पैसे तिथेच होते आणि मला कानात संगीत ऐकवले जात होते.

शाखेतल्या अधिकाऱ्यांनी मान वर न करता रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पुढे सरकवले. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकाचेच असते, हे त्यात खरेच लिहिलेले आहे. पण कळवू पाहणाऱ्या ग्राहकाचा फोन बँकेनेच उचलला नाही तर ती ऐंशी मिनिटे कोणाच्या निष्काळजीपणाची, या माझ्या प्रश्नावर त्यांनी “अर्ज द्या” एवढेच म्हटले. फोनच्या नोंदीचे चित्र जपून ठेवा, माझ्याकडे आज तेवढाच पुरावा आहे. फसलो हे कळताच शक्य तितक्या लवकर नेट बंद करा, स्क्रीन दुरून पाहण्याचे ते सॉफ्टवेअर काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. मी पासवर्ड त्याच लॅपटॉपवर बदलले होते, मुलीने सांगितल्यावर पुन्हा सगळे बदलावे लागले.

गोठवलेले ६,२०० रुपये न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असे मला तेव्हा सांगण्यात आले. बँकेला दिलेल्या अर्जाला आज तेवीस दिवस झाले आणि उत्तर आलेले नाही. तीस दिवस पूर्ण होताच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्यासाठीची कागदपत्रे फाइलमध्ये लावून तयार ठेवली आहेत.